कॅलिफोर्नियात घर घेतल्यानंतरचं पहिलं वर्ष: काउंटीची कामं कोणत्या क्रमाने करायची

"टॅक्स बँक भरते, आपल्याला काही बघायचं नाही." या वाक्यावर विसंबलेल्या घरमालकाला साधारण सहा-आठ महिन्यांनी काउंटीचं एक पाकीट येतं. आत सहा-सात हजार डॉलरचं बिल असतं आणि शेवटची तारीख उलटलेली असेल तर वर १० टक्के दंडही. बिल बरोबर असतं, दंडही नियमाप्रमाणे असतो. मालकाने बँकेकडे चौकशी केली की बँक सांगते, हे बिल आमच्याकडे येतच नाही. तेही खरंच असतं.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. कायदा सगळीकडे एकच, पण खात्यांची नावं, फॉर्मची मांडणी आणि काही मुदती बदलतात. खालचा क्रम राहतं घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. भाड्याने द्यायला घेतलेल्या घरालाही चौथी पायरी सोडून बाकी बहुतेक सगळं लागू होतं.

## आधी हे कळू द्या: कोणत्या खिडकीवर काय होतं

काउंटी म्हणजे एकच ऑफिस असं समजून लोक फोन फिरवत बसतात. घराच्या बाबतीत चार वेगळी टेबलं आहेत आणि कागद त्यांच्याकडे याच क्रमाने जातो.

रेकॉर्डर डीड, म्हणजे मालकीचा दस्त, नोंदवतो. असेसर घराचं करपात्र मूल्य ठरवतो. ऑडिटर-कंट्रोलर त्या मूल्याला दर लावून आकडा काढतो. टॅक्स कलेक्टर बिल पाठवतो आणि पैसे घेतो. मूल्य पटलं नाही तर निवाडा असेसमेंट अपील्स बोर्ड करतं, आणि ते असेसरच्या हाताखाली नसतं.

पाट्या मात्र गोंधळात टाकतात. सॅन मटेओत असेसर, काउंटी क्लार्क आणि रेकॉर्डर एकाच निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे आहेत. सांता क्लारात क्लार्क-रेकॉर्डर वेगळा, असेसर वेगळा आणि कर गोळा करणारं खातं ‘डिपार्टमेंट ऑफ टॅक्स अँड कलेक्शन्स’ या नावाने चालतं. लॉस एंजेलिसमध्ये डीड नोंदवणाऱ्याकडेच निवडणुकाही असतात.

बिल जास्त वाटतं म्हणून टॅक्स कलेक्टरच्या खिडकीवर भांडण्यात अर्थ नाही. त्याला एक डॉलरही कमी करण्याचा अधिकार नाही. मूल्याची तक्रार असेसरकडे न्यायची, दंडाचा अर्ज टॅक्स कलेक्टरकडे. बिलातल्या एखाद्या ठरावीक रकमेबद्दल, समजा गटार किंवा शाळेच्या पार्सल टॅक्सबद्दल (मूल्यावर नाही, दर मालमत्तेमागे लागणारा कर), प्रश्न असेल तर त्या ओळीसमोर ज्या संस्थेचा नंबर छापलेला असतो तिला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट. घर शहराच्या हद्दीत असेल तर बांधकामाची परवानगी, कचरा, पोलीस हे बहुधा शहराकडे असतं. हद्दीबाहेरच्या भागात, सांता क्लारात सॅन मार्टिन किंवा स्टॅनफर्डच्या जमिनीवर, यातलं बरंचसं काउंटी बघते. मालमत्ता कर मात्र दोन्हीकडे काउंटीच गोळा करते आणि शाळा, शहरं, विशेष डिस्ट्रिक्ट यांना वाटून देते.

## पायरी १: सही करण्याआधी पीसीओआर फॉर्म नीट भरा

डीडसोबत ‘प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट’ जातो. फॉर्म क्रमांक बीओई-५०२-ए, बोलताना सगळे पीसीओआर म्हणतात. एस्क्रोच्या (व्यवहार पूर्ण करणाऱ्या मध्यस्थाच्या) गठ्ठ्यात हा कुठेतरी मध्ये असतो. दमलेला खरेदीदार पाचव्या मिनिटाला तो न वाचता सही करून पुढे सरकवतो, आणि पुढच्या अर्ध्या चुका इथेच पेरल्या जातात.

तीन जागा नीट बघा.

पहिली, कराची कागदपत्रं पाठवण्याचा पत्ता. इथे सध्याच्या भाड्याच्या अपार्टमेंटचा पत्ता लिहिला तर पूरक बिल (विक्रीनंतर मूल्य बदलल्यामुळे येणारं वेगळं बिल, पायरी ५ बघा) त्या अपार्टमेंटवर जाईल, आणि तेव्हा तिथे दुसरंच कुटुंब राहत असेल. नव्या घराचाच पत्ता लिहा. तिथे लगेच राहायला जाणार नसाल तर दोन वर्षं हमखास पत्र मिळेल असा पत्ता द्या.

दुसरी, हे तुमचं मुख्य राहतं घर असणार आहे का, हा चौकोन. राहणार असाल तर खूण करा आणि राहायला येण्याची तारीख लिहा.

तिसरी, किंमत. व्यवहारात फ्रिज, वॉशर किंवा फर्निचर धरलं असेल तर त्यासाठी वेगळी जागा आहे. तो आकडा घराच्या मूल्यात मोजायचा नसतो.

पीसीओआर दिलाच नाही तर रेकॉर्डर २० डॉलर जादा घेऊन डीड नोंदवतो. म्हणजे सुटलो असं नाही. असेसर नंतर सविस्तर विवरणपत्र मागवतो. त्याचं उत्तर ९० दिवसांत गेलं नाही तर १०० डॉलर किंवा कराच्या १० टक्के, यातला मोठा आकडा दंड लागतो. अनवधानाने राहून गेलं असेल तर राहत्या घरासाठी या दंडाची कमाल मर्यादा ५,००० डॉलर आहे.

## पायरी २: डीड नोंदवली गेली का आणि नाव बरोबर आहे का

आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर दोन्ही पक्ष बसतात, अंगठे-फोटो होतात, मग फेरफाराची वेगळी धावपळ असते. इथे रेकॉर्डरसमोर कोणी जात नाही. नोटरीने सही प्रमाणित केलेला कागद टायटल कंपनी (मालकी हक्क तपासणारी कंपनी) पाठवते, रेकॉर्डर त्यावर क्रमांक आणि तारीख टाकतो. वेगळा फेरफार नाही. रेकॉर्डर कागदाचं रूप बघतो, मजकूर खरा की खोटा हे बघत नाही. म्हणून चूक असलेली डीडसुद्धा सुखेनैव नोंदवली जाते.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत मूळ डीड टपालाने येते. त्यावर या गोष्टी पडताळा:

- नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा मराठी घरांतला नेहमीचा घोळ. आत्ता दुरुस्त केला तर एका कागदाचं काम, विकताना आठवड्यांचं.
- एपीएन, म्हणजे असेसरचा पार्सल क्रमांक. सांता क्लारात तो तीन-दोन-तीन अशा आठ अंकांचा असतो, इतर काउंट्यांत मांडणी वेगळी. पुढच्या प्रत्येक फोनवर आधी हाच विचारतात.
- मालकी कोणत्या स्वरूपात आहे: जॉइंट टेनन्सी (एक गेला की हिस्सा दुसऱ्याकडे), कम्युनिटी प्रॉपर्टी (नवरा-बायकोची सामाईक) की टेनन्सी इन कॉमन (ज्याचा त्याचा वेगळा हिस्सा).

भारतातून सही करायची असेल तर: जोडीदार पुण्यात आहे आणि डीडवर सही हवी आहे, असं झालं तर कोपऱ्यावरच्या नोटरीचा नुसता शिक्का रेकॉर्डर घेत नाही. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन तिथे नोटरी करा, किंवा भारतीय नोटरीच्या कागदावर अपॉस्टिल घ्या. दुसऱ्या वाटेला वेळ जास्त लागतो, कारण आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल असा क्रम आहे. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आठवड्यात ही सुरुवात करून चालत नाही.

नंतर कोणाचं नाव घालताना: नवरा-बायकोत नाव घालणं-काढणं किंवा घर स्वतःच्या रिव्होकेबल (हवं तेव्हा मोडता येणाऱ्या) ट्रस्टमध्ये टाकणं, यामुळे पुन्हा मूल्यांकन होत नाही. भावाच्या नावे हिस्सा केला तर त्या हिस्स्याचं होऊ शकतं. आई-वडिलांकडून मुलांकडे आलेल्या घराला १६ फेब्रुवारी २०२१ पासून प्रपोझिशन १९ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) लागू आहे. मुलगा किंवा मुलगी त्या घरात वर्षाच्या आत स्वतः राहायला गेली तरच जुनं मूल्य टिकतं, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. "फक्त सोयीसाठी नाव घालतोय" ही सबब असेसरकडे चालत नाही.

पाकिटांपासून सावध: डीड नोंदवल्यावर महिनाभरात सरकारी वाटणारी पत्रं येतात. गरुडाचं चित्र, जाड अक्षरात ‘अंतिम सूचना’, आणि डीडची प्रत मिळवण्यासाठी शंभरेक डॉलर. ती खासगी जाहिरात असते. मूळ डीड तुमच्याकडे येतेच, आणि प्रत हवी असेल तर रेकॉर्डर काही डॉलरमध्ये देतो.

## पायरी ३: वार्षिक बिल, तुमच्या नावाचं नसलं तरी तुमचंच

काउंटीचं कर-वर्ष १ जुलै ते ३० जून. मालक कोण आणि मूल्य किती, हे मात्र त्याआधीच्या १ जानेवारीला ठरतं. ऑगस्टमध्ये घर घेतलं तर नोव्हेंबरमधलं बिल जुन्या मालकाच्या नावाने आणि जुन्या मूल्यावर येतं. "हे आपलं नाही" म्हणून ते पाकीट कचऱ्यात टाकणारे दरवर्षी सापडतात. नाव बघू नका, एपीएन बघा.

दोन हप्ते असतात. पहिला १ नोव्हेंबरला देय होतो आणि १० डिसेंबरनंतर थकतो. दुसरा १ फेब्रुवारीला देय, १० एप्रिलनंतर थकतो. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. थकल्यावर सरळ १० टक्के. ७,००० डॉलरचा हप्ता एक दिवस चुकला तर ७०० डॉलर. दुसऱ्या हप्त्यावर खर्चापोटी थोडी ठरावीक रक्कमही चढते. ३० जूनपर्यंत भरलं नाही तर १ जुलैपासून दरमहा दीड टक्का सुरू होतो. राहतं घर पाच वर्षं थकीत राहिलं की काउंटीला ते लिलावात काढता येतं.

बिल मिळालं नाही, हे दंडमाफीचं कारण होत नाही. कायद्यातच तसं लिहिलं आहे. ऑक्टोबर संपला आणि पाकीट आलं नाही तर काउंटीच्या संकेतस्थळावर एपीएन टाकून रक्कम बघा.

भरण्याची पद्धत: ई-चेक बहुतेक ठिकाणी फुकट असतो. कार्डावर दोन-अडीच टक्के शुल्क लागतं, म्हणजे ७,००० वर दीडशेच्या वर डॉलर, पॉइंट्स मिळून मिळून किती मिळणार. ई-चेकमध्ये खाते क्रमांकाचा एक अंक चुकला तर पावती मिळते, पण चार दिवसांनी पेमेंट परत येतं आणि तोवर १० तारीख गेलेली असते. म्हणून आठवडाभर आधी भरा आणि पैसे खात्यातून खरोखर गेले का ते बघा. टपालाने चेक पाठवायचा तर पोस्टाचा शिक्का महत्त्वाचा. पेटीत टाकलेल्या पाकिटावर शिक्का दुसऱ्या दिवशीचाही पडू शकतो, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत पोस्टाच्या खिडकीवर हाताने शिक्का मारून घ्या. बँकेच्या बिल-पेचा भरवसा धरू नका. तिथून निघणाऱ्या चेकवर तुम्हाला हवा तो शिक्का नसतो.

बँक भरत असेल तर: कर्जाला इम्पाउंड खातं (कर भरायला बँक हप्त्यासोबत पैसे जमा करते ते) असेल तर वार्षिक बिल बँक भरते. तरी ५ डिसेंबरच्या सुमारास काउंटीच्या संकेतस्थळावर ‘भरलं’ असं दिसतं का ते बघा. कर्ज मध्येच दुसऱ्या बँकेला विकलं गेलं असेल तर हे नक्की बघा, कारण हप्ता चुकतो तो हमखास याच सांध्यात. घाबरून स्वतःही भरू नका. दुहेरी पेमेंटचा परतावा मिळतो, पण महिने लागतात.

## पायरी ४: राहत्या घराची सवलत

होमओनर्स एक्झेम्प्शनमुळे करपात्र मूल्यातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. रक्कम छोटी आहे, पण एकदा अर्ज केला की दरवर्षी आपोआप मिळते. शिवाय हे आपलं मुख्य घर आहे याची काउंटीत नोंद राहते.

१ जानेवारीला तुम्ही त्या घरात राहत असायला हवं. अर्ज १५ फेब्रुवारीपर्यंत गेला तर पूर्ण सवलत, त्यानंतर १० डिसेंबरपर्यंत गेला तर ८० टक्के. नागरिकत्वाची अट नाही. फॉर्म बहुतेक वेळा असेसर स्वतःच पाठवतो. अर्जाला फी नाही, त्यामुळे भरून देण्याचे पैसे मागणारं पत्र वरच्या गरुडाच्या पत्रासोबत टाका.

पुढे घर भाड्याने दिलं किंवा दुसऱ्या राज्यात गेलात तर असेसरला कळवा. न कळवता घेतलेली सवलत मागच्या वर्षांसह वसूल होते, व्याज आणि दंडासकट. मालकाला हे सहसा घर विकताना कळतं.

## पायरी ५: पूरक बिल, जिथे बहुतेक जण अडकतात

१९७८ च्या प्रपोझिशन १३ नुसार मूळ दर मूल्याच्या एक टक्का आहे आणि मालक बदलला नाही तर मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा भार वर चढतो. शेजारी-शेजारी सारखी घरं असून एकाचं बिल चार हजार आणि दुसऱ्याचं चौदा हजार असू शकतं, ते यामुळेच. विक्री झाली की मूल्य खरेदीच्या किमतीवर येतं. जुन्या आणि नव्या मूल्यातल्या फरकावर, कर-वर्षाचे जितके महिने उरले तितक्यांचा कर म्हणजे पूरक बिल, सप्लिमेंटल.

हिशोब करून बघू. जुन्या मालकाचं मूल्य ४,००,००० डॉलर, तुमची खरेदी १२,००,००० ला, दर १.२ टक्के धरू. फरक ८,००,०००, त्यावर वर्षाचा कर ९,६०० डॉलर. क्लोजिंग १२ ऑक्टोबरला झालं तर परिणाम पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, म्हणजे १ नोव्हेंबरपासून. जूनपर्यंत आठ महिने, गुणक ०.६७. पूरक बिल ६,४३२ डॉलर.

आता तेच घर २० मार्चला घेतलं समजा. १ एप्रिलपासून तीन महिने, गुणक ०.२५, बिल २,४००. पण १ जानेवारीला घर अजून जुन्या मालकाचं असल्यामुळे जुलैपासूनचं पूर्ण वर्षही जुन्या मूल्यावरच मोजलं जातं. म्हणून दुसरं पूरक बिल येतं, सुमारे ९,६०० चं. १ जानेवारी ते ३१ मे दरम्यान घर घेतलं की दोन पूरक बिलं, १ जून ते ३१ डिसेंबर दरम्यान घेतलं की एक. वसंतात घर घेणारा पहिलं भरून निश्चिंत होतो आणि दुसऱ्याला ‘चुकून पुन्हा आलं’ म्हणून बाजूला ठेवतो.

हे सगळं वार्षिक बिलाच्या वर. इम्पाउंड खात्यात याची तरतूद नसते आणि बिल बँकेकडे जात नाही, थेट तुमच्याकडे येतं. काही बँका प्रत पाठवली तर भरतात, पण मग इम्पाउंडमध्ये तूट पडते आणि महिन्याचा हप्ता वाढतो.

मुदतीही वेगळ्या आहेत. बिल जुलै ते ऑक्टोबरमध्ये निघालं तर नेहमीच्याच १० डिसेंबर आणि १० एप्रिल. नोव्हेंबर ते जूनमध्ये निघालं तर पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या अखेरीस थकतो आणि दुसरा त्यानंतर चार महिन्यांनी. जानेवारीत निघालेल्या बिलाच्या तारखा: फेब्रुवारीअखेर आणि ३० जून.

क्लोजिंगच्या दिवशीच करा: वरच्या पद्धतीने आकडा काढा आणि तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका. जुन्या मालकाचं मूल्य काउंटीच्या संकेतस्थळावर एपीएन टाकून दिसतं. बिल यायला काही महिने ते वर्षही लागतं, तोवर ते पैसे सोफ्यात आणि पडद्यांत जातात.

घराला खोली वाढवली किंवा मागे स्वतंत्र एडीयू (त्याच जागेतलं छोटं जोडघर) बांधलं तर शहर परवान्याची प्रत असेसरला पाठवतं. फक्त वाढीव बांधकामाचं मूल्य चढतं, मूळ घराचं तसंच राहतं, आणि पुन्हा पूरक बिल येतं. छप्पर बदलणं, जुनी कपाटं काढून नवी बसवणं यांसारख्या दुरुस्तीला हे सहसा लागू होत नाही.

## पायरी ६: मूल्य पटत नसेल तर

पहिल्याच वर्षी स्वतःच्या खरेदी किमतीविरुद्ध अपील करण्यात सहसा हाती काही लागत नाही. खुल्या बाजारात दिलेली किंमत हाच बाजारभाव असं कायदा धरतो. अपिलाला खरा अर्थ येतो तो खरेदीनंतरच्या १ जानेवारीला बाजार पडलेला असेल तेव्हा. प्रपोझिशन ८ नुसार मूल्य तात्पुरतं उतरवता येतं.

१. जुलैच्या आसपास मूल्याची सूचना येते. असेसरकडे आधी अनौपचारिक फेरविचार मागा, तो फुकट असतो.

२. त्या उत्तराची वाट बघत थांबू नका. अनौपचारिक अर्जाने अपिलाची मुदत वाढत नाही. बीओई-३०५-एएच हा अर्ज २ जुलैपासून घेतात. सांता क्लारा आणि अलामेडात शेवटची तारीख १५ सप्टेंबर, लॉस एंजेलिसमध्ये ३० नोव्हेंबर. पूरक मूल्याविरुद्ध मात्र सूचनेपासून ६० दिवस.

३. तीन तुलनात्मक विक्री व्यवहार जमवा: जवळची, आकाराने आणि बांधणीने सारखी घरं, १ जानेवारीच्या जवळ विकलेली. त्या तारखेनंतर ९० दिवसांपलीकडची विक्री बोर्ड विचारात घेत नाही. संकेतस्थळांवरचे किमतीचे अंदाज आणि "शेजाऱ्याचा कर कमी आहे" हा मुद्दा दोन्ही निरुपयोगी.

४. अपील चालू असताना बिल पूर्ण भरा. जिंकलात तर परतावा मिळतो. न भरता थांबलात तर दंड लागतो.

स्वतः राहता त्या घराच्या मूल्यावरून वाद असेल तर सिद्ध करण्याचा भार असेसरवर असतो, पण तो बसतो असेसरने मागितलेली माहिती तुम्ही पूर्ण दिली असेल तरच. बोर्ड मूल्य वाढवूही शकतं, त्यामुळे पुरावा कच्चा असेल तर उगाच जाऊ नका. आणि उतरवलेलं मूल्य कायमचं नसतं. बाजार सावरला की ते एका वर्षात दोन टक्क्यांहून कितीतरी जास्त वाढू शकतं, प्रपोझिशन १३ ने ठरलेल्या मूल्यापर्यंत. त्या वर्षी ‘दोन टक्क्यांचा नियम मोडला’ म्हणून पुन्हा अपील करणारे अर्ज फेटाळले जातात.

## सुपरवायझरकडे कधी जायचं

काउंटीचा कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे असतो. बहुतेक ठिकाणी पाच जण, जिथे शहर आणि काउंटी एकच आहे त्या सॅन फ्रान्सिस्कोत अकरा. सुपरवायझर तुमचं मूल्य उतरवू शकत नाही आणि दंडही पुसू शकत नाही. पण अर्जाला चार महिने उत्तर नाही, परतावा अडकला आहे, अशा वेळी त्याच्या ऑफिसातला कर्मचारी योग्य टेबलावर फोन करतो. ईमेलमध्ये एपीएन, अर्जाची तारीख, पावती क्रमांक आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात लिहा. पार्श्वभूमीची दोन पानं जोडली की ईमेल मागे पडतो.